लघुउद्योजकांचे ऑनलाइन विक्रीकौशल्य

लघुउद्योजकांचे ऑनलाइन विक्रीकौशल्य म्हणजे लहान व्यवसायाच्या मालकाने आंतरजालाच्या माध्यमातून ग्राहकाशी संपर्क साधणे, त्याची गरज समजून घेणे, मालाची यथार्थ माहिती देणे, किंमत ठरवणे, व्यवहार पूर्ण करणे आणि विक्रीनंतरचे संबंध टिकवणे या क्षमतांचा समुच्चय होय. मोठ्या कंपन्यांत ही कामे स्वतंत्र विभागांकडे असतात. लघुउद्योगात मात्र माल तयार करणारी व्यक्तीच बहुधा तो विकते, पाठवते आणि त्याविषयीच्या तक्रारीही ऐकते. त्यामुळे हे कौशल्य असणे वा नसणे याचा परिणाम थेट कुटुंबाच्या उत्पन्नावर होतो.

पारंपरिक दुकानात ग्राहक माल हाताळून पाहतो, वास घेतो, भाव करतो आणि विक्रेत्याचा चेहरा वाचतो. ऑनलाइन व्यवहारात यांपैकी काहीच शक्य नसते. ही उणीव शब्द, छायाचित्रे, तत्पर उत्तरे आणि पाळलेली आश्वासने यांनी भरून काढणे, हा या कौशल्याचा गाभा मानला जातो.

संज्ञा व व्याप्ती

विपणन, जाहिरात आणि विक्री या संज्ञा व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु त्यांत भेद आहे. कोणता माल, कोणासाठी, कोणत्या भावाने आणि कोठे उपलब्ध करावा याचा समग्र विचार म्हणजे विपणन. त्या मालाची वार्ता लोकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे जाहिरात. चौकशी करणाऱ्या विशिष्ट व्यक्तीशी संवाद साधून व्यवहार तडीस नेणे म्हणजे विक्री. जाहिरात ग्राहकाला उंबरठ्यापर्यंत आणते; विक्रीचे काम तेथून पुढे सुरू होते.

भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची व्याख्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाखाली केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित निकषांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग लघु मानला जातो. बोलीभाषेत मात्र ‘लहान धंदा’ या शब्दात घरगुती मसाले विकणारी गृहिणी, चप्पल शिवणारा कारागीर, आंबा बागायतदार आणि एका गाळ्याचे कापड दुकान या सर्वांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखातील ‘लघुउद्योजक’ हा शब्द याच व्यापक अर्थाने योजलेला आहे.

पार्श्वभूमी

विक्रीची शिकवण ही दीर्घकाळ अनुभवाची आणि घराण्याची गोष्ट होती. आठवडे बाजारात, जत्रेत किंवा पेढीवर बसून मुलगा वडिलांकडून गिऱ्हाइकाची पारख शिकत असे. विक्रीचे लेखी प्रशिक्षण देण्याचा आरंभीचा उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत झाला. जॉन पॅटरसन यांच्या या कंपनीने यशस्वी विक्रेत्याचे संभाषण लिहून काढून इतर विक्रेत्यांना शिकवले आणि १८९४ मध्ये विक्रेत्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. लक्ष, रुची, इच्छा आणि कृती ही विक्रीची चार पायऱ्यांची मांडणी त्याच सुमारास प्रचलित झाली. तिचे श्रेय सामान्यतः एलायस सेंट एल्मो लुईस यांना दिले जाते. नील रॅकहॅम यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पिन सेलिंग’ या ग्रंथात सुमारे ३५,००० विक्रीभेटींच्या निरीक्षणांवरून असे प्रतिपादन केले की, मोठ्या व्यवहारांत चांगला विक्रेता अधिक बोलत नाही, तर योग्य क्रमाने प्रश्न विचारतो.

महाराष्ट्रात न भेटता विक्री करण्याची परंपरा आंतरजालापेक्षा जुनी आहे. टपाल खात्याच्या ‘व्हीपीपी’ पद्धतीत पार्सल हाती पडल्यावर ग्राहक पोस्टमनकडे पैसे देई आणि ते विक्रेत्याला मिळत. पुस्तके, औषधे व बी-बियाणे या मार्गाने गावोगाव पोहोचत. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही तिचीच उत्तराधिकारी म्हणता येईल. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांना देणारे पत्रक होते. पुढे ते मराठीतील महत्त्वाचे मासिक बनले. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेने घरगुती माल एकसारख्या दर्जामुळे देशभर विकला जाऊ शकतो, हे दाखवून दिले.

आंतरजालावरील विक्रीचा आरंभ १९९० च्या दशकात झाला. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळाने खरेदीदार व विक्रेते यांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदवण्याची पद्धत रूढ केली. अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याचे हे नवे साधन पुढे जवळजवळ सर्व विक्रीमंचांनी स्वीकारले. भारतात इंडियामार्ट (१९९६), फ्लिपकार्ट (२००७), ॲमेझॉनचा भारतीय मंच (२०१३) आणि मीशो (२०१५) असे मंच उभे राहिले. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्याने अल्प रकमेची देवघेव सोपी झाली आणि २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या ॲपमुळे स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या व्यावसायिकालाही मालाची सूची दाखवता येऊ लागली. मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या काळात बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले, तेव्हा कोकणातील अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईतील गृहसंकुलांकडून व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन आंब्याच्या पेट्या थेट पोहोचवल्या.

विक्रीची माध्यमे

लघुउद्योजकास उपलब्ध असलेल्या माध्यमांचे ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

संवादमाध्यमे : व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम व फेसबुक. येथे ग्राहकाशी थेट बोलता येते व कमिशन द्यावे लागत नाही. परंतु ग्राहक शोधणे, पैसे घेणे आणि माल पाठवणे ही सर्व जबाबदारी विक्रेत्याची असते.

विक्रीमंच : ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो इत्यादी. येथे ग्राहकवर्ग तयार असतो. मात्र शुल्क, परताव्याचे नियम आणि शोधातील क्रम मंच ठरवतो. ग्राहकाचा संपर्क क्रमांक सहसा विक्रेत्याच्या हाती राहत नाही.

स्वतःचे संकेतस्थळ : ओळख व नियंत्रण पूर्णपणे स्वतःकडे राहते, परंतु तेथे ग्राहक आणण्याचा खर्च करावा लागतो.

शासकीय व मुक्त जाळी : शासकीय कार्यालयांच्या खरेदीसाठी २०१६ पासून गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस (जेम) कार्यरत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या ना-नफा कंपनीने विक्रेत्याचे ॲप आणि ग्राहकाचे ॲप वेगवेगळे असले तरी व्यवहार होऊ शकेल असे जाळे उभारले आहे. स्वयंसहायता गटांच्या मालासाठी ग्रामविकास मंत्रालयाचा ‘ई-सरस’ हा मंच आहे.

स्थानिक शोध : गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद. शिंपी, विद्युत दुरुस्ती, खाणावळ यांसारख्या परिसराशी बांधलेल्या व्यवसायांना हे माध्यम विशेष उपयुक्त ठरते. अचूक पत्ता, कामाच्या वेळा आणि दूरध्वनी क्रमांक ठेवणे एवढेच काम प्रथम पुरते.

अनुभवी व्यावसायिक प्रायः एकाच माध्यमावर विसंबून राहत नाहीत. मंचाने खाते स्थगित केले अथवा शुल्क वाढवले, तर सर्व व्यवसाय एका दिवसात थांबण्याचा धोका असतो.

कौशल्याची अंगे

गरज जाणणे

‘गोडा मसाला केवढ्याला?’ असा प्रश्न आल्यावर केवळ भाव कळवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्यामुळे संवाद भावावरच सुरू होतो आणि भावावरच संपतो. भाव लपवणे मात्र तितकेच अयोग्य. ‘किंमत वैयक्तिक संदेशात’ असे लिहिल्याने अनेक ग्राहक परत फिरतात. भाव स्पष्ट सांगून त्यासोबत एक-दोन नेमके प्रश्न विचारणे ही योग्य पद्धत समजली जाते : मसाला रोजच्या आमटीसाठी हवा की भरल्या वांग्यासाठी, घरात तिखट किती चालते, माणसे किती. या उत्तरांवरून पाव किलोची शिफारस करावी की एक किलोची, हे ठरते. ग्राहकाला गरजेपेक्षा जास्त माल दिल्यास आजची विक्री वाढते. परंतु मसाल्याचा वास उडाल्यावर तो पुन्हा येत नाही.

मालाचे वर्णन

वर्णनात विशेषणांपेक्षा माहितीला महत्त्व असते. ‘अप्रतिम दर्जाची सुंदर साडी’ या शब्दांतून ग्राहकाला काहीच कळत नाही. साडीची लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, रेशीम की मिश्र धागा, हातमाग की यंत्रमाग, धुण्याची पद्धत आणि प्रत्यक्ष रंगात पडू शकणारा फरक एवढे सांगितले म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. उणीव आधीच सांगणे हाही चांगल्या वर्णनाचा भाग आहे. हाताने विणलेल्या कापडात सूत क्वचित असमान असते, हे आधी कळल्यास ग्राहक त्याला हातमागाची खूण मानतो. नंतर कळल्यास दोष मानतो.

छायाचित्र

छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा आवश्यक नसतो. खिडकीतून येणारा सौम्य दिवसाचा प्रकाश, साधी पार्श्वभूमी, वस्तूच्या सर्व बाजू आणि आकार समजावा म्हणून शेजारी ठेवलेली ओळखीची वस्तू यांनी बहुतेक काम भागते. रंग गडद करणारे फिल्टर वापरल्यास आरंभी चौकश्या वाढतात, पण ‘फोटोत होता तसा नाही’ म्हणून परत येणाऱ्या मालाचे प्रमाणही वाढते. दुसऱ्या विक्रेत्याचे छायाचित्र उचलून वापरणे हा स्वामित्वहक्काचा भंग होऊ शकतो.

संवाद व पाठपुरावा

लेखी संवादात स्वर ऐकू येत नाही. त्यामुळे त्रोटक उत्तर उद्धट वाटण्याचा संभव असतो. अनोळखी ग्राहकास ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ असे संबोधणे, प्रश्नाचे प्रथम सरळ उत्तर देणे आणि नंतर अधिक माहिती देणे हा शिरस्ता उपयुक्त ठरतो. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात; परंतु ती ग्राहकाच्या प्रश्नाशी जुळवून न पाठवल्यास यांत्रिक वाटतात.

चौकशी करून गप्प बसलेल्या ग्राहकास एकदा, फार तर दोनदा, नव्या माहितीसह विचारणे हा पाठपुरावा होय. दररोज शुभप्रभात संदेशासोबत मालाची यादी पाठवणे हा पाठपुरावा नसून उपद्रव आहे. असे क्रमांक लोक बंद करतात, आणि अनेकांनी तक्रार केल्यास विक्रेत्याचे खाते स्थगित होऊ शकते.

किंमत आणि सवलत

ऑनलाइन विक्रीतील तोट्याचे एक मोठे कारण विक्रीतील अपयश नसून हिशेबातील त्रुटी हे असते. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. (करांचा विचार येथे केलेला नाही.)

एका मसाल्याच्या पाकिटाची विक्री किंमत ४०० रुपये आहे. कच्चा माल, दळण व मजुरी २१० रुपये, आवेष्टन २० रुपये, मंचाचे १५ टक्के कमिशन ६० रुपये आणि पाठवणीचा खर्च ६० रुपये. एकूण खर्च ३५० रुपये. शिल्लक ५० रुपये.

आता सणानिमित्त १० टक्के सवलत दिली, तर किंमत ३६० आणि कमिशन ५४ रुपये होते. एकूण खर्च ३४४ रुपये. शिल्लक केवळ १६ रुपये. किंमत एक दशांशाने उतरली, परंतु नफा दोन तृतीयांशांहून अधिक घटला. पूर्वीइतकीच कमाई होण्यासाठी तिपटीहून अधिक पाकिटे विकावी लागतील.

परताव्याचा परिणाम याहून तीव्र असतो. सवलत नसताना १०० पाकिटांची मागणी आली आणि त्यांपैकी २० पार्सले ग्राहकांनी न स्वीकारता परत पाठवली, असे मानू. प्रत्येक परत आलेल्या पार्सलामागे जाण्या-येण्याचे १२० आणि आवेष्टनाचे २० असे १४० रुपये विक्रेत्यास सोसावे लागल्यास, ८० पाकिटांवरील ४,००० रुपयांच्या नफ्यातून २,८०० रुपये वजा होऊन १,२०० रुपये उरतात. म्हणूनच पार्सल रवाना करण्यापूर्वी पत्ता व मागणी यांची खातरजमा करणारा एक दूरध्वनी करणे, तसेच आगाऊ पैसे देणाऱ्यास लहानसा लाभ देणे, या गोष्टी नव्या ग्राहकांच्या शोधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

तक्रार हाताळणे

फुटलेली बरणी, उशिरा पोहोचलेले पार्सल किंवा चुकीचे माप या तक्रारी पूर्णतः टाळता येत नाहीत. अशा वेळी प्रथम गैरसोय मान्य करणे, नंतर छायाचित्र मागणे आणि निश्चित मुदतीत बदल किंवा परतावा देणे ही क्रमवारी सुचवली जाते. दोष कुरिअर कंपनीचा असला, तरी ग्राहकाच्या दृष्टीने व्यवहार विक्रेत्याशीच झालेला असतो. प्रतिकूल अभिप्रायाला दिलेले संयत उत्तर तो अभिप्राय लिहिणाऱ्यापेक्षा पुढे तो वाचणाऱ्यांसाठी अधिक मोलाचे असते.

नोंद व मापन

रोजमेळ आणि खतावणी ठेवण्याची जुनी शिस्त ऑनलाइन विक्रीतही तितकीच उपयोगी आहे. चौकश्या किती आल्या, त्यांतून मागण्या किती झाल्या, परत किती आले आणि जुने ग्राहक किती परतले या चार आकड्यांची साप्ताहिक नोंद पुरेशी असते. २०० चौकश्यांतून २० मागण्या येत असतील, तर हे प्रमाण १० टक्के झाले. ते कमी वाटल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी : आधी छायाचित्र, नंतर वर्णन, नंतर उत्तराची वेळ. सर्व काही एकदम बदलल्यास कशाचा परिणाम झाला, हे कळत नाही.

महाराष्ट्रातील मालाची उदाहरणे

हापूस आंबा : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाशवंत व हंगामी फळ असल्याने विक्रेत्यास पेटीतील फळांची संख्या, फळाचे वजन, फळ कच्चे पाठवले आहे की पिकण्याच्या बेतात आहे, आणि घरी ते कसे पिकवावे, हे सर्व सांगावे लागते. ग्राहकास पहिल्याच दिवशी पिवळाधमक आंबा अपेक्षित असेल आणि पेटीत हिरवट फळ निघाले, तर माल अस्सल असूनही तक्रार येते. इतर प्रदेशांतील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला गेल्यास खऱ्या बागायतदाराचे नुकसान होते. म्हणून मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्यास ती दाखवणे हे विक्रीचे प्रभावी साधन ठरते.

कोल्हापुरी चप्पल : हिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांना संयुक्तपणे मिळालेले आहे. पादत्राणांत मापाची चूक हे परताव्याचे प्रमुख कारण असते. ग्राहकाला कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजण्यास सांगणे, तसेच चामडे वापराने काहीसे सैल होते हे आधी कळवणे, या दोन गोष्टींनी ही अडचण बरीच कमी होते.

पैठणी : पैठण व येवला येथील हातमागाच्या पैठणीची किंमत यंत्रमागावरील नकलेच्या अनेक पट असते. हा फरक छायाचित्रात दिसत नाही. तो सांगावा आणि दाखवावा लागतो. हातमागाच्या पैठणीचे काठ-पदरावरील नक्षीकाम मागील बाजूनेही सुबक दिसते, म्हणून उलट्या बाजूचे छायाचित्र देणे, मागावरील कामाची चित्रफीत दाखवणे आणि सिल्क मार्क वा हँडलूम मार्क असल्यास त्याचा उल्लेख करणे इष्ट ठरते.

दिवाळीचा फराळ : परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी फराळ पाठवणे हा अनेक गृहउद्योगांचा हंगामी व्यवसाय आहे. येथे चवीइतकेच टिकाऊपण, आवेष्टन आणि सीमाशुल्काची माहिती यांना महत्त्व असते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केल्यामुळे तेथे माल पाठवणाऱ्यास शुल्क कोण भरणार, हे ग्राहकाशी आधीच ठरवून घ्यावे लागते.

शिकण्याची साधने

विक्रीकौशल्याचे औपचारिक शिक्षण आता घरबसल्या घेता येते. केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला असून त्यावर विपणन, ग्राहकवर्तन व उद्योजकता या विषयांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्र परीक्षेसाठी शुल्क असते. बहुतेक विक्रीमंच आपल्या विक्रेत्यांना मालनोंद, जाहिरात व परतावा यांचे मोफत धडे देतात. गूगल, मेटा व हबस्पॉट यांचेही विनामूल्य अभ्यासक्रम आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र राज्यात उद्योजकता प्रशिक्षण देते. महिला आर्थिक विकास महामंडळ (१९७५) व ‘उमेद’ अभियान यांच्यामार्फत बचत गटांतील स्त्रियांना बाजारपेठेशी जोडण्याचे काम होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार, कुंभार, शिंपी आदी १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी प्रशिक्षण, कर्ज, डिजिटल व्यवहारांना प्रोत्साहन आणि विपणनसाहाय्य यांची तरतूद आहे.

विक्री हे पोहण्यासारखे कृतीने येणारे कौशल्य असल्याने केवळ चित्रफिती पाहून ते साध्य होत नाही. आठवड्यातून एकदा स्वतःचेच जुने संभाषण वाचून ग्राहक नेमका कोणत्या वाक्यानंतर थांबला हे पाहणे, घरातील व्यक्तीस ग्राहक बनवून सराव करणे, आणि स्वतः इतर विक्रेत्यांकडून एखादी वस्तू मागवून अनुभव ताडून पाहणे, हे बिनखर्चाचे अभ्यास आहेत. अल्पावधीत लाखोंच्या कमाईची हमी देऊन मोठे शुल्क आकारणाऱ्या शिकवण्यांबाबत सावधगिरी आवश्यक असते. शासनाची उद्यम नोंदणी मोफत आहे. तीसाठी पैसे मागणारी संकेतस्थळे अधिकृत नसतात.

कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्यास स्वतः ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाचे अभिप्राय लिहिता येत नाहीत. माल सदोष असल्यास किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसल्यास तो परत घेणे नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे अपेक्षित आहे. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, हळूच जादा वस्तू टोपलीत घालणे आदी १३ फसव्या रचनांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

वेष्टनबंद मालावरील कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता व मूळ देश ही माहिती वैधमापन नियमांनुसार विक्रीमंचावरही दाखवावी लागते. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आवश्यक असून त्याचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. घरगुती उत्पादकही यास अपवाद नाहीत.

वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखालील लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून विक्रीमंचांवरून स्वतःच्या राज्यात माल विकण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी अशा विक्रीसाठी नोंदणी सक्तीची होती. राज्याबाहेरील विक्रीसाठी सामान्यतः नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना मर्यादित सवलत आहे. ग्राहकांचे क्रमांक व पत्ते ही वैयक्तिक माहिती असल्याने ती दुसऱ्यास विकणे वा संमतीविना वापरणे हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या तत्त्वांशी विसंगत ठरते.

फसवणूक व दक्षता

ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाप्रमाणे विक्रेताही फसवला जातो. सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगून मोठी मागणी नोंदवणे आणि ‘पैसे पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करण्यास लावणे, हा प्रकार विशेष आढळतो. यूपीआयवर पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जात असेल, तर पैसे येत नसून जात आहेत, असे समजावे. पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवणे हा दुसरा प्रकार होय. खात्यात रक्कम जमा झाल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय माल न देणे हा त्यावरील उपाय आहे. आर्थिक सायबर फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. विलंब झाल्यास रक्कम रोखण्याची शक्यता कमी होते.

मर्यादा

ऑनलाइन विक्रीस सर्व प्रकारचा माल सारखाच अनुकूल नसतो. जड, ठिसूळ अथवा अल्पमोल वस्तूंच्या बाबतीत पाठवणीचा खर्चच किमतीच्या बरोबरीला जातो. मोठ्या मंचांवरील शोधक्रम, जाहिरातखर्च आणि भावाची चढाओढ यांत लहान विक्रेता मागे पडतो, अशी टीका व्यापारी संघटनांकडून होते. माल करणाऱ्या कारागिराचा वेळ संदेशांना उत्तरे देण्यात जाऊ लागला, तर उत्पादनाचा दर्जा खालावण्याचीही भीती असते. विक्रीकौशल्य मालातील दोष झाकू शकत नाही. उलट उत्तम विक्रीमुळे सदोष मालाची वार्ता अधिक वेगाने पसरते. त्यामुळे आधी एकसारखा दर्जा, नंतर अचूक हिशेब आणि त्यानंतर विक्रीचा विस्तार हा क्रम लघुउद्योगासाठी श्रेयस्कर मानला जातो.

हेही पहा

विपणन
ई-व्यापार
भौगोलिक मानांकन
स्वयंसहायता गट
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
किर्लोस्कर (मासिक)